टॅब, स्पेस आणि छोटी लाइन

संगणकाचा प्रोग्राम लिहिताना एखादी ओळ थोडी आत सरकवायची असेल, तर टॅबचं बटण एकदा दाबायचं की स्पेसचं चार वेळा, या प्रश्नावर जगातल्या अत्यंत हुशार माणसांनी एवढे तास घातले आहेत, की तेवढ्यात त्यांनी आणखी एखादं इंटरनेट सहज काढलं असतं. बरं, दोन्ही बटणांनी पडद्यावर उमटतं काय, तर कोरी जागा. पांढऱ्यावर पांढरं. जी वस्तू डोळ्यांना दिसतच नाही, तिच्यावरून इतकं पेटणारं भांडण मी याआधी फक्त लग्नातल्या मानपानाचं पाहिलं होतं.

हे भांडण माझ्यापर्यंत आलं ते भाच्याच्या कृपेनं. तो गोंदियात राहतो. त्याचा एक मित्र आमगावला, एक तिरोड्याला, एक रायपूरला आणि एक नोकरीनिमित्त पुण्याला. या पाच जणांनी धानाच्या कट्ट्यांचा हिशोब ठेवणारं सॉफ्टवेअर करायला घेतलं. शेतकऱ्यानं खरेदी केंद्रावर किती कट्टे नेले, काट्यावर किती भरले, चुकारा किती आला, किती अडकला, एवढंच त्यात. सॉफ्टवेअर ओपन सोर्स, म्हणजे त्याचा कोड उघड्यावर ठेवलेला. कुणीही वाचावा, सुधारावा, सुधारणा पाठवावी. पगार नाही, ऑफिस नाही, साहेब नाही. पगार नसणं ही पोरं सहन करतात, ऑफिस नसणं तर त्यांना आवडतंच. पण साहेब नसला की भांडण तोडायलाही कुणी उरत नाही, हे त्यांच्या पहिल्याच आठवड्यात ध्यानात आलं.

"कोड केव्हा लिहिणार रे?" मी विचारलं.

"आधी कसा लिहायचा ते ठरवून राहिलो जी मामा."

ठरवायचं काय काय होतं, ते ऐकून मी खुर्ची ओढून बसलो. टॅब-स्पेसचा विषय तर होताच. शिवाय कंस त्याच ओळीत उघडायचा की खालच्या ओळीवर एकटा बसवायचा. एका ओळीत किती अक्षरं चालतील. अवतरणचिन्ह एकेरी की दुहेरी. आणि नावं कशी लिहायची.

नावांच्या दोन पद्धती आहेत. एक उंटाची. तीत शब्द जोडून लिहायचे आणि पुढच्या प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर मोठं काढायचं, म्हणजे मध्येमध्ये वशिंडं दिसतात. दुसरी सापाची. तीत सगळी अक्षरं लहान आणि शब्दांच्या मध्ये तळाला आडवी रेघ, म्हणजे सगळं जमिनीला चिकटून सरपटतं. गोंदिया जिल्ह्यात उंट कुणाच्या बापजाद्यांनी पाळलेला नाही. साप मात्र रोवणीच्या दिवसांत बांधीबांधीत निघतो. तेव्हा इथून साप बिनविरोध निवडून येईल, असा माझा अंदाज होता. पण पुण्याचा मित्र जावास्क्रिप्ट या संगणकभाषेतला. त्या मुलखात उंटाचीच चाल. तो आला तोच उंटावर बसून, आणि तिथूनच शेळ्या हाकायला लागला.

त्यात धान हा शब्द रोमन लिपीत एका ए नं लिहायचा की दोन, यावर आमगाव आणि तिरोडा यांच्यात बोलणं बंद झालं. मला त्याचं नवल वाटलं नाही. गोंदिया हे नाव इंग्रजीत लिहिताना शेवटच्या ए आधी वाय घालायचा की नाही, यावर इथल्या दुकानांच्या पाट्यांचं आजवर एकमत झालेलं नाही. ते या पाच पोरांचं कुठून व्हावं?

या रोगाचं निदान १९५७ सालीच झालेलं आहे. सी. नॉर्थकोट पार्किन्सन या इंग्रज लेखकानं एका समितीच्या सभेचं वर्णन करून ठेवलं आहे. पहिला विषय अणुभट्टीचा, खर्च एक कोटी पौंड. अणुभट्टी सभासदांना कळत नाही आणि कळत नाही हे सांगायची सोय नाही, म्हणून विषय अडीच मिनिटांत मंजूर. दुसरा विषय कारकुनांच्या सायकलींसाठी शेड, खर्च साडेतीनशे पौंड. शेड सगळ्यांना कळते. छताला पत्रा कसला घालायचा यावर पाऊण तास जातो. तिसरा विषय सभांमधल्या कॉफीचा. त्याला सव्वा तास लागतो आणि निर्णय पुढच्या सभेवर जातो. १९९९ साली फ्रीबीएसडी या ओपन सोर्स प्रकल्पात एका बारक्या आज्ञेला अपूर्णांकातले सेकंद समजावेत की नाही यावर असाच गदारोळ माजला, तेव्हा पॉल-हेनिंग काम्प या वैतागलेल्या प्रोग्रामरनं सहकाऱ्यांना पार्किन्सनच्या त्या सायकलशेडची आठवण करून दिली. तेव्हापासून प्रोग्रामरांच्या जगात अशा चर्चेला सायकलशेडच म्हणतात.

आमच्या पोरांची शेड मी डोळ्यांनी पाहिली. रायपूरच्या मित्रानं चुकाऱ्याची बेरीज करणारा लांबलचक भाग लिहून पाठवला. सॉफ्टवेअरचा जीव म्हणावा असा भाग. संध्याकाळपर्यंत चौघांचे चार अंगठे आले आणि तो मंजूर झाला. त्याच दिवशी तिरोड्याच्या मित्रानं यादीतल्या शेवटच्या नोंदीनंतर एक स्वल्पविराम दिला. "शेवटच्या नोंदीनंतर स्वल्पविराम? नंतर कोण येणार आहे?" इथून जी सुरुवात झाली, ती रात्रीची गाडी निघून गेली तरी संपली नव्हती.

पोरांना बोलावं तर वडीलधारी मंडळी तरी कुठे शहाणी आहेत? लिनक्स ज्यांनी जन्माला घातलं त्या लिनस टोरवाल्ड्स यांची कोड लिहिण्याची नियमावली सुरू होते तीच होळीनं. जीएनयू प्रकल्पाची नियमावली छापून घ्या, वाचू नका, जाळा, असा सल्ला ते पहिल्या काही ओळींतच देतात. मग ओळ टॅबनं आणि आठ अक्षरांइतकी आत गेली पाहिजे असं बजावतात, आणि ती चार किंवा दोनच सरकवू पाहणाऱ्यांची गणना, पायची किंमत ३ ठरवायला निघालेल्या पाखंड्यांत करतात. उलट पायथॉन भाषेची २००१ सालची नियमावली स्वभावानं मवाळ. ती चार स्पेस सांगते, ओळीत जास्तीत जास्त ७९ अक्षरं सांगते आणि वर नियमांच्या आंधळ्या आग्रहाला मूर्खपणाही म्हणते. साहजिकच लोक ती अगदी आंधळेपणानं पाळतात. २०१७ साली स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रामरांच्या संकेतस्थळानं आपल्या पाहणीतले आकडे तपासले, तर देश, अनुभव वगैरे सारखे धरूनही स्पेसवाल्यांचा पगार टॅबवाल्यांपेक्षा ८.६ टक्क्यांनी जास्त निघाला. आमच्या पाचांत कुणालाच पगार नसल्यामुळे हा पुरावा तेवढा ग्राह्य धरला गेला नाही.

हे ७९-८० अक्षरांचं खूळ आलं कुठून? १९२८ साली आयबीएमनं भोकं पाडायचं एक कार्ड काढलं, त्यात ८० रकाने होते. पुढे कार्डं गेली, त्यांना भोकं पाडणारी यंत्रं गेली, ती यंत्रं चालवणारी माणसंही गेली. ८० राहिले. लिनक्सच्या तपासनीस प्रोग्रामनं ही मर्यादा १०० वर नेली ती २०२० च्या मे महिन्यात. एका पुठ्ठ्याच्या कार्डानं ब्याण्णव वर्षं राज्य केलं.

मेक नावाच्या प्रोग्रामची कथा याहून सरस. १९७६ मध्ये बेल लॅब्जमध्ये स्टुअर्ट फेल्डमन यांनी तो लिहिला. त्यातल्या काही ओळी टॅबनंच सुरू झाल्या पाहिजेत, स्पेस चालत नाही, असा नियम त्यांनी घाईत करून टाकला. थोड्याच दिवसांत त्यांना तो नियम खटकला. पण तोवर मेक वापरणारे दहा-बारा जण झाले होते. त्यांना त्रास नको, म्हणून बदल राहून गेला. त्या दहा-बारा जणांच्या भिडेपोटी पुढच्या पन्नास वर्षांत किती लाख लोकांनी त्या अदृश्य टॅबपायी डोकं आपटलं असेल! भीड भिकेची बहीण म्हणतात. इथे ती आंतरराष्ट्रीय झाली.

गोंदियाच्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही, कारण आमच्या स्टेशनानं हेच लोखंडात पाहिलं आहे. दोन रुळांत अंतर किती, हाही शेवटी एक संकेतच. इंग्लंडात वेगवेगळ्या कंपन्यांनी आपापल्या मापाचे रूळ टाकून जो घोळ घातला, तो हिंदुस्थानात नको म्हणून लॉर्ड डलहौसींच्या काळात एकच रुंद माप ठरलं, साडेपाच फूट. वीसेक वर्षं गेली आणि १८७० साली लॉर्ड मेयोंनी काटकसरीसाठी दुसरं माप आणलं, एक मीटर. मीटरच का? तर देशात मेट्रिक मापं येऊ घातली आहेत, आपण आधीच तयार असावं. रूळ पडले, मेट्रिक मापं देशात लागू झाली ती १९५६ च्या कायद्यानं. आगाऊ तयारीचं इतकं भक्कम उदाहरण दुसरं सापडणार नाही.

आमच्या भागातून १८८२ च्या सुमारास राजनांदगावकडे पहिली गाडी गेली, ती याच मीटरगेजवरून. १८८७ साली बंगाल-नागपूर रेल्वे कंपनी आली, तिनं ती लाइन उखडून रुंद केली. काम मार्गी लागलं म्हणता म्हणता त्याच कंपनीनं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गोंदियाहून बालाघाट, नैनपूर, जबलपूरकडे अडीच फुटांची लाइन टाकली. डोंगर, जंगल, खर्च कमी. कारणं सगळी पटण्यासारखी. कारणं नेहमीच पटण्यासारखी असतात. परिणाम एवढाच, की जबलपूरकडून आलेलं प्रत्येक पोतं गोंदियाला छोट्या लाइनच्या डब्यातून उतरायचं आणि मोठ्या लाइनच्या डब्यात चढायचं. दोन संकेतांमधलं अंतर हमालाच्या पाठीनं भरून निघायचं. १९९२ साली रेल्वेनं देशभर एकच गेज करायचं ठरवलं. आमच्या छोट्या लाइनचं रुंदीकरण त्यानंतर सुरू झालं आणि मोठी लाइन थेट जबलपूरला भिडायला २०२० उजाडलं.

हे सगळं मी भाच्याला ऐकवलं. तो म्हणाला, "म्हणूनच तर म्हणतो मामा, आत्ताच नीट ठरवून घेऊ." आणि चर्चा आणखी चार दिवस वाढली.

या सगळ्यावरून संकेत म्हणजे रिकामटेकड्यांचा उद्योग असं कुणी म्हणेल, तर त्यानं २०१४ चा फेब्रुवारी आठवावा. ॲपलच्या फोनवर आणि संगणकांवर समोरचं संकेतस्थळ खरं की तोतया, हे तपासणाऱ्या कोडमध्ये एक ओळ चुकून दोनदा उमटली होती. तिच्या आधीच्या अटीला कंस घातलेले नव्हते. दुसरी ओळ पहिलीच्या खाली नीट आत सरकवलेली होती, त्यामुळे वाचणाऱ्याला वाटावं की तीही अटीतच आहे. प्रत्यक्षात ती अटीबाहेर होती, दर वेळी चालायची आणि पुढची मुख्य तपासणी ओलांडून थेट ‘सगळं ठीक’ म्हणून मोकळी व्हायची. कोड उघड्यावर होता; कुणीही बघू शकत होतं. एका ओळीपुरतीही अट असली तरी कंस घालायचाच, असा रटाळ नियम पाळला असता तर बहुधा ती दुसरी ओळ कंसात निमूट पडून राहिली असती.

नियम हवेत, हे मला कुणी शिकवायची गरज नाही. मी जन्मभर मराठीचा मास्तर होतो. आमच्याकडे साहित्य महामंडळाचे नियम आहेत. १९६२ साली शासनानं चौदा मान्य केले, १९७२ साली त्यांत चारांची भर पडली. असे एकूण अठरा. शब्दाच्या शेवटचे इकार-उकार दीर्घ लिहावेत, पण ‘आणि’ नि ‘नि’ ऱ्हस्व लिहावेत, हे मी तीस-तीस पोरांच्या वर्गाला घोकून घेतलं. त्यातलीच पोरं पुढे सरपंच झाली आणि ‘आणी’ असं ऑइलपेंटनं भिंतीवर लिहून घेतलं. नियम छापील होते, शासनमान्य होते, त्यांवर गुणही होते. फक्त चूक लिहिली तर भिंत ती स्वीकारायला नकार देत नव्हती.

प्रोग्रामरांनी नेमकी इथे माझ्यावर मात केली. त्यांनी भिंतीलाच नकार द्यायला शिकवलं. २००९ मध्ये गूगलनं गो नावाची भाषा जाहीर केली. तिच्यासोबत कोडची मांडणी करून देणारं एक यंत्रच येतं, गोफम्ट. तुम्ही कसंही लिहा, ते सगळ्यांचं एकसारखं करून टाकतं. त्याला पर्याय विचारायची सोय जवळजवळ नाही. त्याची मांडणी कुणालाच मनापासून आवडत नाही, पण ते यंत्र मात्र सगळ्यांना आवडतं, असं त्या भाषेच्या कर्त्यांपैकी एक, रॉब पाइक, यांनी म्हणून ठेवलं आहे. पायथॉनसाठी २०१८ साली असंच ब्लॅक नावाचं यंत्र आलं. नाव हेन्री फोर्डच्या त्या जुन्या वचनावरून, गाडी कुठल्याही रंगात घ्या, तो काळा असला म्हणजे झालं. ब्लॅक ओळीत ८८ अक्षरं ठेवतं. ८० नाही, १०० नाही, ८८. दोन्ही पक्ष सारखेच नाराज. लवादाचं काम मला तरी याहून चोख कुठे दिसलेलं नाही.

पण मराठी मुलूख तो! मुंबईत फ्रॅपे नावाची कंपनी आहे, रुषभ मेहतांची. त्यांचं ईआरपीनेक्स्ट हे ओपन सोर्स सॉफ्टवेअर कारखान्यांपासून दवाखान्यांपर्यंत हिशोबाला वापरलं जातं. ते पायथॉनमध्ये आहे. पायथॉनचं सगळं जग चार स्पेस देतं. यांच्या कोडमध्ये पहिल्यापासून टॅब. ब्लॅकला टॅब मान्य नाही, आणि ब्लॅक कुणाचं ऐकत नाही. मग काय करावं? त्यांनी ब्लॅकची टॅब मानणारी एक फुटीर शाखा वापरली! फोर्डची काळी गाडी घ्यायची आणि घरी आणून आपल्याला हव्या त्या रंगात रंगवायची. पुढे रफ नावाचं नवं यंत्र आलं, त्यात टॅबची सोय अधिकृतपणेच मिळाली. मला ही माणसं फार आवडली. बहुमत विरुद्ध असताना टॅब सोडला नाही, आणि तरी शिस्तही सोडली नाही.

आमच्या पाचांनी शेवटी यंत्रापुढेच हात जोडले. पायथॉनला ब्लॅक, जावास्क्रिप्टला प्रेटियर. नावांचं मात्र यंत्राला ठरवता येत नाही, म्हणून पायथॉनमध्ये साप आणि जावास्क्रिप्टमध्ये उंट अशी सीमाआखणी झाली. धानाला एकच ए. आमगाव आणि तिरोडा पुन्हा बोलू लागले.

मग एक नवाच घोटाळा झाला. भाच्यानं उत्साहाच्या भरात जुना सगळा कोड एका दमात यंत्रातून काढला. कोडची कुठली ओळ कुणी लिहिली हे सांगणारी एक आज्ञा असते. तिचं नावच ब्लेम, म्हणजे दोष. आता जिथे बोट ठेवावं तिथे भाच्याचंच नाव. रायपूरच्या चुका, पुण्याच्या चुका, सगळ्या याच्या माथी. जगात हे इतक्यांच्या बाबतीत घडलंय, की २०१९ साली कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिटमध्ये मुद्दाम सोय केली गेली. निव्वळ झाडलोटीच्या नोंदींची यादी एका फाइलीत लिहून द्यायची, दोष शोधताना त्या वगळल्या जातात. फ्रॅपेवाल्यांच्या कोडमध्येही अशी फाइल आहे. घरातली झाडलोट करणाऱ्याला दोषातून वगळायची यादी आपल्याकडे कुणी केली, तर मी पहिली सही करीन.

सगळं सुरळीत झाल्यावर मी, प्रोग्रामिंगचा गंध नसलेला माणूस, सहज विचारलं, "काय रे, कट्ट्याच्या वजनातून बारदाना वजा केलाय की तसाच धरलाय?"

पाचही जण गप्प. चार अंगठे मिळालेल्या त्या लांबलचक बेरजेत बारदाना कुठेच नव्हता. मांडणी मात्र निर्दोष होती. ब्लॅकनं स्वतः तपासली होती.

खरिपाच्या धानाची खरेदी दिवाळीच्या आगेमागे सुरू होते, त्याआत ती बेरीज सुधारायची आहे. वाचकांपैकी कुणाला पायथॉन येत असेल आणि खरेदी केंद्रावर काटा कसा होतो हेही ठाऊक असेल, तर अशा पोरांच्या मदतीला जा. जाताना बारदान्याचं वजन घेऊन जा. टॅब-स्पेसबद्दलचं मत घरीच ठेवा, ते आता तिथे कुणी विचारत नाही.